लोकरीची गाबोळी

गळावर पिसे, केस, लोकर आणि दोरा बांधून किड्यासारखी दिसणारी वस्तू तयार करायची आणि ती वाहत्या पाण्यात सोडून मासा पकडायचा, या कलेला ‘फ्लाय फिशिंग’ म्हणजे कृत्रिम माशीने केलेली मासेमारी असे म्हणतात. या कलेत रूढ झालेले नमुने हजारांच्या घरात आहेत आणि त्यांपैकी बहुतेक मेफ्लाय, कॅडिस यांसारख्या पाणकिड्यांचे किंवा लहान माशांचे अनुकरण करतात. एका नमुन्याला मात्र पंख नाहीत, पाय नाहीत, शेपूट नाही, आणि ज्यावरून तो घेतला ती वस्तू उडतही नाही आणि पोहतही नाही: हा नमुना म्हणजे माशाच्या एका सुट्या अंड्याची लोकरीत केलेली प्रतिकृती. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील नद्यांत, तसेच त्या खंडाच्या पोटात असलेल्या पंचमहासरोवरांच्या उपनद्यांत, स्टीलहेड हा मासा पकडण्यासाठी ही अंड्याची माशी इतकी गुणकारी ठरते की काही जाणकार तिला कलेतून बाद करू पाहतात, आणि तिची बाजू घेणारेही पुष्कळदा ओशाळल्या स्वरात बोलतात. या ओशाळेपणाला आधार नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. मात्र या माशीबरोबर येणारी जबाबदारी इतर बहुतेक नमुन्यांपेक्षा जड आहे, आणि ती ओळखायची तर आधी मासा, मग त्याचे अंडे आणि त्यानंतर लोकर असा क्रम धरावा लागतो.

स्टीलहेड ही माशाची वेगळी जात नव्हे. थंड पाण्यात वाढणारा, जगभर संवर्धन होणारा आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्रजांनी निलगिरीतल्या ओढ्यांतही आणून सोडलेला रेनबो ट्राउट जेव्हा नदीतून समुद्रात जातो, तेथे वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा नदीत परततो, तेव्हा त्याला स्टीलहेड म्हटले जाते. दोघांचे शास्त्रीय नाव एकच, ऑन्कोरिंकस मायकिस. त्यातील ‘मायकिस’ हा शब्द योहान यूलिउस वाल्बाउम या जर्मन निसर्गवैज्ञानिकाने १७९२ मध्ये कामचात्का द्वीपकल्पातील स्थानिक नावावरून घेतला होता, तर कोलंबिया नदीवरून आलेल्या नमुन्याला जॉन रिचर्डसन याने १८३६ मध्ये हडसन्स बे कंपनीचा वैद्य मेरेडिथ गेर्डनर याचे नाव देऊन निराळी जात ठरवले होते. आशियाच्या आणि अमेरिकेच्या किनाऱ्यांवरचा हा मासा एकच आहे हे मान्य होऊन नाव बदलण्यास १९८९ साल उजाडावे लागले. एकाच जोडप्याच्या पिल्लांपैकी काही जन्मभर ओढ्यातच राहतात आणि काही समुद्राची वाट धरतात, आणि ओढ्यात राहिलेला छोटा नर समुद्रावरून आलेल्या मोठ्या मादीच्या विणीत भागही घेतो. जात एक, पण जगण्याच्या रीती अनेक, अशी ही लवचीक व्यवस्था आहे, आणि तिच्यामुळेच हा मासा दुष्काळ, पूर आणि हिमयुगे पचवून टिकला.

समुद्राकडे जाणारी पिल्ले साधारणपणे एक ते तीन वर्षे नदीत काढतात. मग त्यांच्या अंगावरील ठिपके आणि पट्टे झाकले जाऊन ती रुपेरी होतात, खारे पाणी सोसण्याची क्षमता त्यांच्या कल्ल्यांत येते, आणि पुढील एक ते तीन वर्षे ती उत्तर पॅसिफिकमध्ये चरतात. परतणारा मासा बहुधा तीन ते पाच किलोंचा असतो. ब्रिटिश कोलंबियातील स्कीना नदीच्या किस्पिऑक्स या उपनदीत मात्र नऊ-दहा किलोंच्या पुढचेही मासे येतात. काही मासे उन्हाळ्यात, अंडाशय अपरिपक्व असतानाच नदीत शिरतात आणि विणीपूर्वीचे कित्येक महिने डोहांत थांबून काढतात. काही हिवाळ्यात, वीण जवळ आल्यावरच येतात. हा फरक जनुकसंचातील एका लहानशा भागाशी निगडित असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. पॅसिफिकमधील साल्मन वीण झाल्यावर मरतात, स्टीलहेड मरतोच असे नाही, ही गोष्ट या लेखाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे.

स्टीलहेडची वीण हिवाळ्याच्या अखेरीपासून वसंत ऋतू संपेपर्यंत चालते. मादी खळाळाच्या वरच्या तोंडाशी, जिथे डोहातले पाणी उथळ होत गोट्यांच्या थरात झिरपते तिथे, जागा शोधते. मग कुशीवर आडवी होऊन शेपटीच्या फटकाऱ्यांनी तळातील वाळू आणि गोटे उसळवते, आणि प्रवाह ते थोडे खाली वाहून नेतो. अशा रीतीने तयार होणाऱ्या खळगीला ‘रेड’ म्हणतात. खळगीत अंडी पडताच नर त्यांवर शुक्र सोडतो, आणि मादी लगेच वरच्या बाजूला नवी खळगी खणू लागते. त्या खणण्यातून निघालेले गोटे खालच्या अंड्यांवर येऊन बसतात आणि अंडी झाकली जातात. एका मादीजवळ, तिच्या आकारमानानुसार, काही हजार अंडी असतात आणि ती अनेक कप्प्यांत विभागून ठेवली जातात. अंड्याला यापुढे दोनच गोष्टी हव्या असतात, काळोख आणि गोट्यांच्या फटींतून सतत वाहणारे, प्राणवायूने भरलेले थंड पाणी. पाण्याचे तापमान दहा अंश सेल्सियसच्या आसपास असेल तर सुमारे महिन्याभरात ते फुटते, आणि पाणी जितके थंड तितका हा काळ लांबतो.

सगळीच अंडी झाकली जात नाहीत. काही टाकतानाच प्रवाहात निसटतात. काही, मागाहून आलेली दुसरी मादी त्याच जागी खणू लागली की उघडी पडतात. आणि पुराच्या लोंढ्याने तळ ढवळला गेला तर संपूर्ण कप्पेच्या कप्पे वाहून जातात. अंडे पाण्याहून किंचित जड असल्यामुळे ते तळालगत गडगडत, मध्येच उचलले जात, पुन्हा टेकत खाली जाते. जिवंत अंडे अर्धपारदर्शक आणि नारिंगी छटेचे असते, कारण समुद्रातील कोळंबीवर्गीय जीव खाऊन मादीने साठवलेले अस्टाझँथिन हे रंगद्रव्य त्यात उतरलेले असते. मेलेल्या अंड्यात पाणी शिरले की आतील प्रथिने साकळतात आणि ते दुधाळ, अपारदर्शक होते. स्टीलहेडचे अंडे सुमारे चार ते सहा मिलिमीटर व्यासाचे, तर चिनूक साल्मनचे सात ते नऊ मिलिमीटरांचे आणि अधिक गडद. असे वाहत सुटलेल्या अंड्याला कोणतेही भविष्य उरलेले नसते. खळगीबाहेर ते जगू शकत नाही. ते तळात राहणाऱ्या स्कल्पिनचे, व्हाइटफिशचे, ट्राउटचे आणि स्टीलहेडचेही अन्न होते. अलास्कातील चिग्निक जलक्षेत्रात डॉली व्हार्डन नावाचे मासे वर्षातील बराच काळ अर्धपोटी राहतात, त्या काळात त्यांची पचनेंद्रिये आक्रसतात, आणि साल्मनची वीण सुरू होताच अंड्यांची ही मेजवानी पचवण्यासाठी ती पुन्हा वाढतात, असे तेथील अभ्यासात आढळले आहे. एखाद्या अन्नासाठी शरीर स्वतःची रचना बदलते, तेव्हा ते अन्न त्या नदीच्या जीवनात किती मध्यवर्ती आहे हे निराळे सांगावे लागत नाही.

पंचमहासरोवरांची गोष्ट वेगळी आहे, कारण तेथील स्टीलहेड माणसाने नेलेला आहे. १८७६ मध्ये मिशिगनमधील ऑ सेबल नदीत कॅलिफोर्नियाहून आणलेले रेनबो ट्राउट सोडले गेले, पुढे इतर सरोवरांतही त्यांची भर पडली, आणि समुद्राऐवजी गोड्या पाण्याच्या विशाल सरोवरात वाढून उपनद्यांत परतण्याची रीत त्यांनी तेथे रुजवली. १९६६ मध्ये कोहो आणि १९६७ मध्ये चिनूक साल्मन मिशिगनने या सरोवरांत आणले, तेव्हापासून शरद ऋतूत साल्मन नदीत शिरले की त्यांच्या पाठोपाठ त्यांची अंडी खाण्यासाठी स्टीलहेडही शिरू लागला. पेर मार्केट, मॅनिस्टी किंवा न्यूयॉर्क राज्यातील साल्मन नदी यांवर अंड्याची माशी इतकी प्रचलित का झाली, याचे उत्तर या पाठलागात आहे. पॅसिफिक किनाऱ्यावरील हिवाळी माशाच्या पोटात बहुधा काही सापडत नाही, आणि तरीही तो अंडे तोंडात घेतो. पिल्लू असताना याच नदीत खाल्लेल्या अंड्यांची जी सवय त्याच्या मेंदूत मुरली, तिचाच हा अवशेष असावा, हे स्पष्टीकरण इतर तर्कांपेक्षा अधिक पटण्यासारखे आहे. समुद्रातून नदीत येताना माशाच्या डोळ्यातील दृष्टिद्रव्यही बदलते आणि ते वर्णपटाच्या तांबड्या बाजूला अधिक संवेदनशील होते. नारिंगी अंड्याचे आकर्षण समजून घेताना हा बदलही विचारात घ्यावा लागतो.

आता बांधणी. सर्वांत प्रसिद्ध नमुना ‘ग्लो-बग’ या नावाने ओळखला जातो आणि वरवर पाहता तो पोरखेळ वाटतो, परंतु त्याचा गोलवा नीट साधणे ही कसबाची गोष्ट आहे. त्यासाठी आखूड दांड्याचा, रुंद तोंडाचा आणि जाड तारेचा गळ शिकंज्यात घट्ट बसवतात. दोरा असा निवडतात की पूर्ण ताकदीने ओढला तरी तुटू नये, कारण या माशीचा आकार कात्रीइतकाच दोऱ्याच्या ताणावरही ठरतो. अॅक्रिलिक तंतूंची खास लोकर तीन-चार पदरांत घेऊन ती गळाच्या दांड्यावर आडवी ठेवतात, दोऱ्याचे दोन-तीन वेढे एकाच जागी, एकावर एक, करकचून आवळतात, मग लोकरीची दोन्ही टोके वर धरून त्यांच्या बुडाशी आडवे वेढे देतात, आणि गाठ मारून दोरा कापतात. शेवटी सर्व पदर एकत्र वर ताणून धारदार, वक्र कात्रीने एकाच घावात कापले जातात. हात सुटताच तंतू सर्व दिशांना उसळतात आणि लोकरीचा गोळा होतो. कानटोपीवरचा गोंडा ज्या तत्त्वाने फुलतो त्याच तत्त्वाने हा गोळा फुलतो: मध्यभागी एका बिंदूत जखडलेले तंतू केंद्रापासून सारख्या अंतरावर कापले की त्यांची टोके गोलाच्या पृष्ठभागावर येतात. आवळणे सैल राहिले तर तंतू पसरत नाहीत आणि दोन बाजूंना दोन झुपके राहतात. कात्री दोनदा चालवावी लागली तर गोलाला कंगोरे येतात आणि मग तो कितीही छाटला तरी गोल होत नाही, फक्त लहान होत जातो.

नवख्याच्या हातून लोकर बहुधा जास्त घेतली जाते. घट्ट, भरगच्च गोळा शोभेला चांगला, परंतु पाण्यात तो हवा धरून ठेवतो आणि तळाशी जाण्यास वेळ लावतो, गळाचे तोंड अडवतो, आणि मुख्य म्हणजे त्यातून प्रकाश जात नाही. अंडे अर्धपारदर्शक असते हे ध्यानात ठेवणारा कारागीर लोकर इतकी विरळ ठेवतो की भिजल्यावर तिच्या कडा पाण्यात विरघळल्यासारख्या दिसाव्यात. फिक्या गोळ्याच्या पोटात गडद नारिंगी किंवा लाल लोकरीचा एक पदर बांधून जो ठिपका केला जातो, तो अंड्यातील तैलबिंदू किंवा वाढू लागलेल्या भ्रूणाची जागा सुचवतो. ‘न्यूक एग’ या नमुन्यात आतील लहान, गडद गोळ्यावर पांढुरक्या तंतूंचा पातळ पडदा ओढलेला असतो, आणि ओला झाला की तो अंड्याभोवतीच्या दुधाळ आवरणासारखा भासतो. कोरड्या स्थितीत कुरूप दिसणाऱ्या आणि पाण्यात गेल्यावर जिवंत होणाऱ्या या नमुन्यात सर्व अंड्यांच्या माश्यांमधील सर्वांत बारकाईचे निरीक्षण उतरले आहे. ‘सकर स्पॉन’ हा ईरी सरोवराच्या उपनद्यांवरील आवडता नमुना लोकरीची लहान-लहान वलये दांड्यावर ओळीने बांधून करतात, कारण वसंतात वीण करणाऱ्या सकर माशांची फिकट पिवळी अंडी पुंजक्यांनी वाहतात. ब्रिटिश कोलंबियातील बॅबीन नदीचे नाव असलेल्या ‘बॅबीन स्पेशल’मध्ये शेनिल या मखमली दोऱ्याचे दोन गोळे आणि त्यांमध्ये पिसांची झालर असते, तो अंड्याचे अनुकरण आणि जुन्या धर्तीची शोभिवंत माशी यांच्या सीमेवर उभा आहे.

रंगांच्या बाबतीत या कारागिरांचे ज्ञान पंचांगासारखे चालते, आणि ते ऋतू व मासा पाहून ठरते. चिनूकची वीण जोरात असते तेव्हा मोठी, गडद माशी. ती ओसरून अंडी जुनी झाली की फिकी, दुधाळ. हिवाळ्याच्या नितळ पाण्यात लहान आणि मंद रंगाची. वसंतात सकरच्या अंड्यांची पिवळसर. आणि पावसाने पाणी गढूळ झाले की पोपटी किंवा भडक गुलाबी, जिचे कोणत्याही अंड्याशी साम्य नसते पण जी दिसते तरी. लोकरीच्या एकाच पेटीत ‘ऑरेगन चीज’, ‘पीची किंग’, ‘अॅप्रिकॉट’ अशा नावांच्या डझनभर छटा ठेवणारा माणूस हौशी वाटला, तरी कोणत्या आठवड्यात कोणता मासा, नदीच्या कोणत्या भागात, कोणत्या खोलीवर अंडी घालतो याची नोंदच त्याने त्या पेटीत लावलेली असते.

पाण्यात ही माशी वापरण्याची रीतही अंड्याच्या स्वभावावरूनच ठरते. स्टीलहेडच्या मासेमारीची जुनी, प्रतिष्ठित रीत अशी की स्कॉटलंडमधील स्पे नदीच्या नावाने ओळखली जाणारी लांब, दोन्ही हातांनी धरायची काठी घ्यायची, माशी प्रवाहाच्या तिरकस खाली फेकायची आणि ताणलेल्या दोरीवर ती कमानीने काठाकडे येऊ द्यायची. मासा तिच्यावर झेप घेतो तो तिची हालचाल पाहून. अंड्याला हालचाल नसते. ते प्रवाहाच्या हाती असते, आणि म्हणून त्याची प्रतिकृती दोरीची किंचितही ओढ न लागता वाहिली पाहिजे. यातील अडचण अशी की गोट्यांच्या घर्षणामुळे तळाचे पाणी पृष्ठभागापेक्षा हळू चालते, आणि पृष्ठभागावर पडलेली दोरी माशीला सतत पुढे खेचू पाहते. म्हणून दोरी वारंवार उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवावी लागते, माशीच्या वर काही अंतरावर छोटे वजन लावावे लागते, आणि पृष्ठभागावर तरंगणारा जो बुचासारखा तुकडा खुणेसाठी बांधलेला असतो तो भोवतालच्या फेसापेक्षा सावकाश चालला तरच माशी योग्य वेगाने जात आहे असे समजायचे. मासा अंडे हळूच तोंडात घेतो आणि लोकर लागताच थुंकतो. तो तरंगता तुकडा क्षणभर अडखळतो, एवढीच सूचना मिळते.

या रीतीवर आणि या माशीवर घेतला जाणारा आक्षेप मुख्यतः असा, की अंडे हा कीटक नव्हे, म्हणून त्याची प्रतिकृती ही माशी नव्हे. ती लोकरीने केलेले आमिष आहे. हा वाद नवा नाही. फ्रेडरिक हॅलफर्ड याने १८८६ मध्ये तरंगत्या माश्यांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केल्यावर इंग्लंडमधील चुनखडीच्या प्रदेशातल्या ओढ्यांवर तरंगती माशी हीच शुद्ध, असा पंथ तयार झाला, आणि १९१० मध्ये जी. ई. एम. स्क्यूज याने पाण्याखालील किड्यांच्या अवस्थेचे अनुकरण करणाऱ्या माशीचा पुरस्कार केला तेव्हा त्याच्यावरही अशुद्धतेचा आरोप झाला. १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये या प्रश्नावर रीतसर वादसभा भरली. आज पाण्याखालच्या माशीला कोणी हरकत घेत नाही. शिवाय कृत्रिम माशीचे जे सर्वांत जुने वर्णन मानले जाते, ते इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या संधिकाळात होऊन गेलेल्या एलियन या लेखकाचे. मॅसिडोनियातील मासेमार गळाभोवती लाल लोकर गुंडाळून तिला कोंबड्याची दोन पिसे बांधतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. लोकरीला या कलेत जागा नाही असे म्हणणाऱ्याने आरंभच नाकारलेला असतो.

आक्षेपकांच्या हाती याहून बळकट मुद्दा होता, तो त्यांनी फारसा वापरला नाही. खऱ्या गाबोळीचे आमिष फार परिणामकारक असते आणि ते मिळवण्यासाठी अंड्यांनी भरलेली मादी मारावी लागते. याच कारणामुळे इंग्लंडमध्ये १८६१ च्या साल्मन मासेमारी कायद्याने माशांची अंडी आमिष म्हणून वापरण्यास आणि साल्मनची अंडी विकण्यास बंदी घातली, आणि १९७५ च्या कायद्यातही आमिषावरची बंदी कायम राहिली. लोकरीचे अंडे ही साखळी तोडते. एक मादी न मारता गाबोळीची सगळी शक्ती गळावर आणता येते, शिवाय मासा लोकर गिळत नाही, गळ बहुधा ओठातच राहतो आणि सोडलेला मासा जगण्याची शक्यता आमिषाच्या तुलनेत पुष्कळ वाढते. या दृष्टीने पाहिले तर अंड्याची माशी ही मासेमारीच्या इतिहासातील एक मानवी सुधारणा ठरते. अंड्याची नक्कल म्हणून वापरल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या मण्याबद्दल मात्र असे सरसकट म्हणता येत नाही. मणी गळाच्या वर दोरीत ओवला जातो, गळ मोकळा राहतो, आणि दोहोंमधील अंतर जास्त असेल तर मासा मणी थुंकताना गळ त्याच्या गालात किंवा डोळ्याजवळ बाहेरून घुसतो. अलास्काच्या नियमांत मणी गळापासून दोन इंचांच्या आत बसवण्याची अट यासाठीच आहे.

खरा प्रश्न याच्या पुढे सुरू होतो. अंड्याची माशी जिथे सर्वाधिक चालते ती जागा विणीच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर असते. खळगीच्या खालच्या डोहात अंड्यांची वाट पाहणारा मासा आणि खळगीवर वीण करत असलेली जोडी, यांमधील अंतर पुष्कळदा एका फेकीहून कमी असते; उथळ पाण्यात पाठ उघडी पडलेली, जागा सोडायला तयार नसलेली मादी दिसली की काही जण तिच्याच पुढ्यात माशी टाकतात. हे करणारा नियमांच्या चौकटीत असला तरी तो त्या नदीचे देणे लागतो, आणि ते फेडण्याचा कोणताही मार्ग त्याच्याजवळ नसतो. कोकणात पहिल्या मोठ्या पावसाबरोबर ओढ्यांतून भातखाचरांपर्यंत चढून येणाऱ्या, गाबोळीने भरलेल्या चढणीच्या माशांबद्दल हाच प्रश्न उभा आहे: तेथे हे चढणीचे, म्हणजेच वलगणीचे, मासे पकडणे हा वर्षानुवर्षांचा उत्सव आहे, समुद्रात १ जूनपासून मासेमारी बंद ठेवणाऱ्या राज्यातही ओढ्यातल्या विणीकडे तितक्या कळकळीने पाहिले जात नाही, आणि मासे कमी झाल्याची तक्रार मात्र सर्वत्र ऐकू येते. दोन्हीकडे मासा सर्वांत सहज सापडतो तो क्षण आणि त्याला सर्वांत कमी छेडले पाहिजे तो क्षण एकच आहे.

गळापेक्षाही पाय अधिक घातक ठरू शकतात. फलित झाल्यानंतर भ्रूणाचे डोळे दिसू लागेपर्यंत अंड्याला धक्का सोसत नाही. अमेरिकेतील मोंटाना येथे ट्राउटच्या अंड्यांवर झालेल्या आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कृत्रिम खळग्यांवरून दिवसातून दोनदा चालल्यास ९६ टक्क्यांपर्यंत अंडी व पिल्ले मेली, आणि फुटण्याच्या थोडे आधी केवळ एकदा चालण्यानेही ४३ टक्क्यांपर्यंत हानी झाली. ताजी खळगी तळाच्या शेवाळलेल्या गोट्यांत स्वच्छ, फिकट लंबगोलासारखी उठून दिसते. काही आठवड्यांनी तिच्यावर पुन्हा शेवाळ धरते आणि ती ओळखू येत नाही, अंडी मात्र आत असतातच. तेव्हा चिनूकच्या अंड्याची नेमकी छटा ओळखणाऱ्या माणसाला ते अंडे कुठे पुरलेले आहे हे ठाऊक नसावे, असे होऊ शकत नाही. बांधणीसाठी मिळवलेले ज्ञान पाऊल टाकतानाही लागू होते.

काही ठिकाणी समाजाने ही सीमा स्वतः आखली आहे. ऑरेगनमधील नॉर्थ अम्क्वा नदीचा सुमारे ५० किलोमीटरांचा पट्टा केवळ माशीने मासेमारी करण्यासाठी राखलेला आहे, आणि तिची स्टीमबोट ही उपनदी, जिथे उन्हाळी स्टीलहेड थंड डोहांत आश्रय घेतात, १९३० च्या दशकापासून मासेमारीस पूर्ण बंद आहे. तेथील एका डोहावर ली स्पेन्सर यांनी अनेक हंगाम राखण करत माशांचे वर्तन टिपून ठेवले. स्वतः मासेमारी करताना ते गळाचे टोक तोडलेली माशी वापरत, कारण माशाला वर येताना पाहणे एवढेच त्यांना पुरेसे होते. अशा राखणीची गरज किती तीव्र आहे हे फ्रेझर नदीच्या थॉम्पसन या उपनदीकडे पाहून कळते. १९८० च्या दशकात हजारोंनी परतणारा तेथील स्टीलहेड काही शेकड्यांवर आला, २०१८ मध्ये कॅनडाच्या वैज्ञानिक समितीने तातडीने मूल्यांकन करून तो नामशेष होण्याच्या मार्गावर असल्याचे जाहीर केले, आणि २०१९ मध्ये तेथील केंद्र सरकारने त्याला कायद्याच्या संरक्षित यादीत घेण्यास नकार दिला. धरणे, तापलेले समुद्र, व्यापारी जाळ्यांत भलत्याच वेळी होणारी पकड, ही कारणे गळापेक्षा कितीतरी मोठी आहेत; पण इतक्या थोड्या उरलेल्या माशांत विणीवरची एकेक मादी मोजण्यासारखी होते.

वीण आटोपून समुद्राकडे परत निघालेल्या माशाला ‘केल्ट’ म्हणतात. तो कृश झालेला असतो, त्याच्या शेपटीची कड खणण्याने झिजलेली असते, आणि महिनोन्महिन्यांच्या उपासानंतर तो पुन्हा खाऊ लागतो, म्हणून अंड्याची माशी तो इतर कोणत्याही स्टीलहेडपेक्षा उतावीळपणे घेतो. समुद्र गाठून पुन्हा वीण करण्यासाठी परतणाऱ्यांत माद्यांचे प्रमाण अधिक असते, आणि दुसऱ्यांदा येणारी मादी आकाराने मोठी, अंड्यांनी समृद्ध असते. वॉशिंग्टन राज्यात याकिमा नदीवर प्रॉसर येथे याकामा या मूळनिवासी राष्ट्राचे लोक अशा केल्ट माद्या पकडून, टाक्यांत कित्येक महिने खाऊ घालून, त्यांना पुन्हा नदीत सोडतात. नदीवर एकट्याने उभ्या असलेल्या माणसाकडून एवढी अपेक्षा नाही. वसंतात लागलेली मादी सडपातळ, फिक्या पोटाची आणि झिजलेल्या शेपटीची दिसली तर दोरी आवळून झुंज लवकर संपवावी, तिला पाण्याबाहेर उचलू नये, तिचे तोंड प्रवाहाकडे ठेवून चिमट्याने गळ काढावा. आणि माशी बांधतानाच, लोकर लावण्याआधी, गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केलेला असेल तर यासाठी काही क्षण पुरतात.